पानाचा हिरवा

उमेळ्यात आमच्या वाडीतल्या बावखलाच्या काठाला केळी आहेत. पहिल्या पावसानंतर त्यांच्या कोवळ्या, अजून न फाटलेल्या पानांतून सकाळचं ऊन गाळून अंगणात उतरतं, आणि त्या घटकेपुरता जो हिरवा हवेत लोंबकळत राहतो, तो मला आजवर एकाही कागदावर उतरवता आलेला नाही.

आणि पोट तर त्यावरच.

जाहिरात एजन्सीत मी प्रिंट प्रॉडक्शन बघते. डिझायनरने उजळ पडद्यावर पाहिलेलं स्वप्न 23 बाय 36च्या तावावर आणायचं, म्हणजे शाईशी, कागदाशी, बाइंडरच्या तारखांशी आणि पावसाळी हवेशी घासाघीस करत राहायचं.

एका आषाढात गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक आलं. मुखपृष्ठभर केळीची बाग. (बागेच्या जागी काय उभं राहणार, ते आतल्या पानांवर.) प्रूफातला हिरवा मला शेवाळी वाटत होता. पहाटे एक पान कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, नायगावहून लोकल धरली. डब्यात दादरला निघालेला मोगरा होता, भिजल्या छत्र्या होत्या. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ झाला, पाणजू बेट पावसाच्या पडद्यामागे गेलं, आणि मांडीवरचं पान गार, जड, झोपलेल्या पोरासारखं.

सकाळचं मशीन रात्रीवर गेलं. जातंच.

लोअर परळच्या गाळ्यात शाईचा उग्र दर्प, ताव उचलणाऱ्या फीडरचे सुस्कारे. पहिला ताव 5000 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली ठेवला, भिंग टेकवलं. इंचाला 175 ओळींनी ठिपकेच ठिपके : पिवळे, निळे, एकमेकांना खेटलेले.

हिरवा कुठेच नव्हता.

"मॅडम, शेड कुणाशी मिळवू? प्रूफशी की पानाशी?" मशीनमनने विचारलं. मी फडकं सोडलं. पान कडेने काळवंडलं होतं, मध्ये फिकुटलं होतं. पहाटेचं ते पान आता मलाच ओळखीचं वाटेना. तोही काही बोलला नाही. "पिवळा जरा चढव," म्हटलं, "सायन उतरव." नुसत्या आठवणीवर.

आजीच्या देवघरात लक्ष्मीचं जुनं छापील चित्र होतं. 1894 साली घाटकोपरला निघालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यात रंगागणिक दगड वेगळा असे. आजीचं चित्र तिथलंच की कुणा नकलाकाराचं, देव जाणे. पण लक्ष्मीच्या पदराचा लाल रेषेबाहेर केसभर सांडला होता, आणि निरांजनाच्या उजेडात तो पदर हलायचा. रजिस्टर हुकलेला ताव आज मी बेलाशक रद्दीत टाकते. त्या रात्रीही टाकले. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो, किंचित फुगतो, आणि पानाच्या कडेबाहेर पिवळी रेघ डोकावते.

दोन वाजता सही केली. ओके, तारीख, वेळ.

पहिल्या गाडीने घरी आले. सोबत रद्दीतला एक ताव आणला होता, पिवळी रेघ सुटलेला. का, ते सांगता येणार नाही. आईने तो हाती घेतला, उलटापालटा केला, मग फळीवरचे डबे उतरवून तिथे अंथरला.

कोरी बाजू वर.