भाताच्या गोळ्या

आमची मावळातली खाचरं उताराला. आवणी झाली की दादा मुठीनं युरिया फेकायचे आणि आभाळाकडं बघत राहायचे. पाऊस कोसळून बांध फुटला, की खत ओढ्याला. एका साली तसंच झालं. खताची उधारी आईच्या पाटल्या मोडल्या तेव्हा फिटली.

पुढल्या साली कृषी सहायकानं चारसूत्री लागवडीसाठी युरिया-डीएपीच्या ब्रिकेट गोळ्या आणल्या. एकेक २.७ ग्रॅमची. आई म्हणाली, "भाताला काय ताप आलाय व्हय, गोळ्या द्यायला?"

दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटून पालटून चूड लावले. जवळच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी, चार बोटं खोल दाबायची. कंबर मोडली. दादा वैतागले, "एवढ्या येळात समदी खाचरं उरकली असती."

चौथ्या दिवशी मुसळधार पाऊस. बांध पुन्हा फुटला. दादा रात्रभर ओसरीवर बसून होते. सकाळी बघितलं तर पाणी वरून निघून गेलेलं, गोळ्या चिखलाच्या पोटात शाबूत. तिथं त्या हळूहळू विरघळत राहिल्या, मुळांना पुरवून पुरवून देत. महिन्यानं शेजारचं भात पिवळट, आमचं काळंभोर.

त्या साली कणगी भरून वर दोन पोती उरली. दादांनी विचारलं, "पाटल्या करायच्या का?"

आई म्हणाली, "आधी पुढल्या सालच्या गोळ्या आणा."

पाटल्या काही शेवटपर्यंत झाल्या नाहीत. पण उधारीही पुन्हा झाली नाही.