समुद्रकांठचें कृष्णविवर

गेल्या माघांत, म्हणजे इ. स. २०२५ च्या फेब्रुवारींत, आम्हां बापलेकींस एक दिवस मुंबईस जाण्याचा योग आला. काम म्हणाल तर कांहींच नव्हतें. माझी धाकटी कन्या पदार्थविज्ञानाची पदवीधर. तिला परदेशीं पांच वर्षांच्या संशोधनासाठीं प्रवेश मिळाला होता, आणि त्यावरून घरांत दोन तट पडले होते. "आधीं लग्न, मग काय तें संशोधन," असें तिच्या आईचें व माझ्या वडील बंधूंचें म्हणणें. जाऊं द्यावें, असें चिरंजीवांचें व सूनबाईचें. मीं मात्र हो किंवा नाहीं यांपैकीं कांहींच म्हटलें नव्हतें. उत्तर धाडण्यास दोन आठवडे उरले असतां कन्या म्हणाली, "अण्णा, निर्णय मागाहून द्या, आधीं माझ्याबरोबर एक चित्रपट पाहून या." चित्रपट पाहण्यासाठीं पुण्याहून मुंबईस जाणें ही आमच्या घराण्यांत अभूतपूर्वच गोष्ट! तरी शनिवारीं, ता. ८ रोजीं, सकाळच्या डेक्कन क्वीननें आम्ही निघालों.

चर्चगेट स्टेशनासमोर, दोन रस्त्यांच्या बेचक्यांत, ईरॉस चित्रपटगृहाची इमारत उभी आहे. पक्ष्यानें दोन पंख पसरावे तशा तिच्या दोन बाजू मागें गेल्या असून मध्यें पायरीपायरीनें निमुळता होत गेलेला गोल मनोरा आहे. कांहीं भाग आग्र्याकडील तांबड्या दगडाचा, बाकीचा मलईच्या रंगाचा. सोराबजी भेडवार यांनीं योजिलेलें हें चित्रगृह १९३८ सालीं उघडलें. ज्या शैलीस आर्ट डेको म्हणतात तिचा हा उत्तम नमुना असल्यामुळें, २०१८ सालीं युनेस्कोनें मुंबईच्या ज्या वास्तुसमूहास जागतिक वारशांत स्थान दिलें त्यांत हिचाही समावेश आहे. मध्यंतरीं कांहीं वर्षें चित्रगृह बंद होतें. २०२४ सालीं आयमॅक्स पद्धतीचा प्रचंड पडदा लावून तें पुन्हां सुरू झालें. हा सारा भाग बॅकबेचा समुद्र हटवून मिळविलेला. जेथें आज माणसें तिकीट काढून बसतात तेथें एके काळीं खारें पाणी हेलकावत होतें, हा विचार मला पुढें त्याच दिवशीं निराळ्याच रीतीनें आठवावयाचा होता.

चित्रपटाचें नांव 'इंटरस्टेलर', म्हणजे ताऱ्याताऱ्यांमधील. क्रिस्टोफर नोलन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट प्रथम २०१४ सालीं आला. दहा वर्षें पुरीं झालीं म्हणून तो फिरून मोठ्या पडद्यावर आणला होता. तरुणांची गर्दी इतकी कीं पांढऱ्या केसांचा मीच काय तो एकटा दिसत होतों. कन्येनें मक्याच्या लाह्यांचा भला मोठा पुडा पुढें केला. परंतु त्या दिवशीं माघ शुद्ध एकादशी, म्हणून मीं तो परत सारला. मौज अशी कीं, कथा सुरू झाली तों पृथ्वीवरील गहूं रोगानें नष्ट झालेला, भेंडीचें शेवटचें पीक जाळून टाकलेलें, आणि मानवजातीस खावयास मका तेवढा उरलेला! धुळीचीं वादळें घरांत शिरत आहेत. ताटें उपडीं घालून ठेवावीं लागत आहेत. अशा वेळीं मनुष्यजातीसाठीं दुसरें घर शोधावयास कूपर नांवाचा एक वैमानिक, विधुर, दोन लेंकरांचा बाप, अवकाशांत निघतो. दहा वर्षांची मुलगी रुसून बसते. तो तिच्या हातीं एक घड्याळ ठेवतो, परत येईन असें वचन देतो आणि जातो.

आम्हीं लहानपणीं जत्रेच्या तंबूंत, जमिनीवर बसून चित्रपट पाहिले. तेथें पडदा वाऱ्यानें हाले आणि त्याबरोबर नायकही हाले. येथें पडद्याची कडच दृष्टीच्या बाहेर जाते, म्हणून पडदा असा उरतच नाहीं. शनीच्या कड्यांपुढून तें यान जातांना तिळाएवढें दिसतें, आणि त्या वेळीं ध्वनि बहुतेक थांबतो. शेंकडों माणसांच्या त्या दालनांत कोणी खोकलेंसुद्धां नाहीं. मग ऑर्गनचा नाद असा उठतो कीं आसन थरथरतें. हें वाद्य लंडनमधील टेंपल चर्च या बाराव्या शतकांतील देवालयांत वाजवून ध्वनिमुद्रित केलेलें आहे, असें कन्येनें मागाहून सांगितलें. नाद गाभाऱ्यांतून यावा तसा कां वाटला, तें तेव्हां कळलें.

या चित्रपटाचा मेरुमणि म्हणजे त्यांतील कृष्णविवर. थोड्या जागेंत इतकें वस्तुमान दाटलेलें कीं प्रकाशही त्याच्या कह्यांतून सुटत नाहीं, तें कृष्णविवर. मग जें दिसत नाहीं तें दाखवावें कसें? त्यासाठीं नोलन यांनीं किप थॉर्न या शास्त्रज्ञांचें साहाय्य घेतलें. पुढें २०१७ सालीं गुरुत्वतरंगांच्या शोधाबद्दल ज्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें त्यांपैकीं हे एक. त्यांच्या समीकरणांवरून संगणकांनीं प्रकाशकिरणांच्या वांकड्या वाटा शोधून काढल्या. आणि मग काजळासारख्या काळ्या गोलाभोंवतीं तप्त वायूचें एक सोनेरी वलय दिसूं लागलें. त्याची मागची बाजू झांकली न जातां वरून व खालून वांकून पुढें येते. २०१९ च्या एप्रिलांत एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रांतील कृष्णविवराचें पहिलें खरें चित्र प्रसिद्ध झालें, त्यांतही काळोखाभोंवतीं तेजाचें कडें होतें. मराठी वाचकांस तर हा विषय नवा नाहीं. कै. जयंत नारळीकरांनीं मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस टोपणनांवानें जी कथा पाठविली तिचें नांवच 'कृष्णविवर' होतें.

या विवराजवळच्या एका ग्रहावर सर्वत्र गुडघाभर पाणी. दूर डोंगरांची रांग दिसते; ते डोंगर नव्हेत, लाटा आहेत, हें कळतें तेव्हां उशीर झालेला असतो. लाट उभी राहिली तेव्हां आपण समुद्र हटविलेल्या जागेंतच बसलों आहों, ही आठवण होऊन मीं खरोखरच पाय वर घेतले. परंतु लाटेहून भयंकर तेथील काळ. त्या ग्रहावरील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षें. हिशेब केला तर तेथील एका सेकंदास येथील सतरा तास पडतात. प्रमाण कथेचें असलें तरी तत्त्व खरें आहे. प्रबळ गुरुत्वाजवळ काळ मंदावतो, असें आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतावरून निघतें. आपल्या दूरध्वनीस रस्ता दाखविणाऱ्या उपग्रहांचीं घड्याळें आपल्या घड्याळांपेक्षां रोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात, व तो फरक गणितानें सुधारावा लागतो.

कूपर यानावर परततो तों तेवीस वर्षें लोटलेलीं. पृथ्वीवरून आलेले निरोप तो एकामागून एक पाहूं लागतो. कुमारवयाचा मुलगा बघतां बघतां बाप होतो. आणि शेवटीं मुलगी दिसते, ती बाप निघाला तेव्हां ज्या वयाचा होता त्या वयाची. येथें कोणतीही लाट नाहीं, विवर नाहीं. एक पुरुष बसून रडत आहे, इतकेंच. एवढा थोरला पडदा कशासाठीं, हें मला तेव्हां उमगलें. मीं हळूच शेजारीं पाहिलें. कन्या पडद्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

मला भागवताच्या नवम स्कंधांतील ककुद्मी राजा आठवला. रेवतीस वर कोणता पाहावा हें विचारण्यास तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें, म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें, म्हणजे मानवी गणनेनें ११ कोटी ६६ लक्ष ४० हजार वर्षें गेलीं, आणि त्यानें मनांत योजिलेले सगळे वर केव्हांच काळाच्या उदरांत गेले! यावरून आमच्या पूर्वजांस सापेक्षतावाद ठाऊक होता, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. गणितावांचून केलेली कल्पना म्हणजे सिद्धांत नव्हे, हें मी जन्मभर मुलांस शिकविलें. परंतु जाणाऱ्याचा काळ आणि राहणाऱ्याचा काळ एक नव्हे, ही वेदना मात्र त्यांस ठाऊक होती. ककुद्मी मुलीस बरोबर घेऊन गेला. कूपर तिला मागें ठेवून गेला. माझ्या घरीं मुलगीच निघाली होती. तेविशींतील पांच वर्षें आणि सदुसष्टाव्या वर्षानंतरचीं पांच वर्षें एका मापाचीं नव्हेत. माझ्या मौनाचें कारण हेंच होतें. लग्नाचा प्रश्न तर मला नुसता आडोसा होता.

बाहेर येऊन आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलों. पश्चिमेस शुक्राची चांदणी लखलखत होती. मागें एकादशीचा चंद्र वर आला होता. मीं म्हटलें, "१९३० सालीं एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर याच मुंबईहून बोटीनें विलायतेस निघाले, आणि वाटेंत त्यांनीं ताऱ्यांच्या मरणाचें गणित मांडलें, नाहीं का?"

"होय अण्णा. वस्तुमानाच्या एका मर्यादेपलीकडे मेलेला तारा श्वेत बटु होऊन टिकूं शकत नाहीं, हें. कृष्णविवरांची वाट तेथूनच निघाली. १९८३ सालीं नोबेल मिळालें."

"त्यांची आई तेव्हां आजारी होती. पुढच्याच वर्षीं ती गेली. त्यांची पुन्हां भेट झाली नाहीं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हलक्या स्वरांत म्हणाली, "मग मी जाऊं नको?"

"मीं तें याकरितां नाहीं सांगितलें," मी म्हणालों. "त्या माउलीनें आजाराचें निमित्त करून त्यांस अडविलें नाहीं, हें सांगावयाचें होतें."

समुद्र शांत होता; पाणी कठड्याखालच्या दगडांवर हळूहळू आपटत होतें. कन्येनें कांहीं न बोलतां माझा हात हातांत घेतला.

रात्रीच्या गाडीनें घरीं पोंचलों तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती व द्वादशी लागली होती. तिची आई जागीच होती. दार उघडतांच तिनें विचारलें, "काय ठरलें?" मीं पादत्राणें काढीत म्हटलें, "पेटी कोणती घ्यावयाची, तें सकाळीं पारणें झाल्यावर ठरवूं."