हंडा, हातोडा आणि सोडून देण्याचा प्रश्न

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांविषयी मराठीच्या प्राध्यापकांनी जाहीरपणे बोलू नये, असा एक अलिखित संकेत आहे. खाजगीत मात्र प्रत्येकाकडे अशी एक यादी असतेच. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची सनदच मांडली आणि तीत पुस्तक पूर्ण न करण्याच्या हक्काला तिसरे स्थान दिले. आम्ही ती सनद एम. ए.च्या वर्गात दोनदा वाचून दाखवली आहे. विद्यार्थ्यांना ती फार आवडते. कारणे उघड आहेत. तथापि पुस्तक सोडणे आणि व्हिडिओ गेम सोडणे या दोन क्रिया एकच आहेत का, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हांला पडलेला नव्हता.

'आम्ही' म्हणजे येथे खरोखरच दोघे. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, एकाच कपाटाच्या दोन फळ्या वापरून मराठी शिकवणारे. आमच्यापैकी एक कायमस्वरूपी पदावर आहे आणि दुसरा सोळा वर्षे तासिका तत्त्वावर. कोण कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पण ही वस्तुस्थिती पुढे उपयोगी पडणार असल्याने आरंभीच नोंदवून ठेवतो.

गेमचे नाव 'गेटिंग ओव्हर इट विथ बेनेट फॉडी'. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. कर्ता बेनेट फॉडी हा मूळचा ऑस्ट्रेलियन, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, काही काळ एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारा आणि नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात गेमनिर्मिती शिकवणारा. म्हणजे आपल्यातलाच, मास्तर माणूस. एका माजी विद्यार्थ्याने 'सर, हा तुम्हांला आवडेल' असे म्हणून तो आमच्यापैकी एकाच्या संगणकावर बसवून दिला. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होते त्याचा अर्थ आम्हांला पुढच्या बुधवारी कळला.

रचना पाहू जाता अत्यंत साधी. एक उघडाबंब माणूस कमरेपर्यंत लोखंडी हंड्यात बसलेला आहे. त्याचे नाव डायोजिनीस. रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्यावरून ठेवलेले. त्याच्या हातात लांब दांड्याचा हातोडा. आपण माउस हलवायचा की हातोडा हलतो. तो कशाला तरी अडकवून, टेकवून, आपटून हंड्यासकट स्वतःला वर ढकलायचे. बस्स. कळफलकाचे काम नाही, गुण नाहीत, टप्पे नाहीत, मरणही नाही. समोर डोंगर आहे. पण तो नुसता दगडांचा नाही. वाळलेले झाड, खडक, मग पाइप, खोकी, घरातले फर्निचर, घसरगुंडी, संत्री, ऐरण, बादली, असे कुणीतरी टाकून दिलेल्या वस्तूंचे ते उकिरडेवजा शिखर आहे. फॉडी स्वतः या टाकाऊपणावर खेळभर बोलत राहतो: आजची डिजिटल संस्कृती किती झपाट्याने वस्तू घडवते आणि किती झपाट्याने कचऱ्यात काढते, यावर. याझूओ हे टोपणनाव घेतलेल्या एका कर्त्याचा 'सेक्सी हायकिंग' नावाचा २००२ सालचा ओबडधोबड गेम हे आपले मूळ, हेही तो आदराने सांगतो. कोणी ढुंकून न पाहिलेल्या संहितेला आपली पूर्वसूरी मानणे ही वृत्ती आम्हां साहित्याच्या माणसांना एकदम ओळखीची वाटली.

खरी गोम पुढेच आहे. हा गेम तुमची जागा सतत जतन करतो. ऐकायला ही सोय वाटते, प्रत्यक्षात ती शिक्षा आहे. कारण घसरलात तर तीही जागा जतन होते. मागच्या सुरक्षित ठिकाणाहून पुन्हा सुरू करण्याची मुभा नाही. दोन संध्याकाळी खर्चून चढलेली उंची मनगटाच्या एका चुकार झटक्याने जाते, आणि हंडा खडखडत, आदळत, त्या पहिल्या वाळक्या झाडापाशी येऊन थांबतो. अशा वेळी फॉडीचा शांत, काहीसा गोड आवाज येतो. प्रारंभीच्या मराठी कादंबरीतला निवेदक मध्येच थांबून वाचकांशी हितगुज करी, तसाच हा. फक्त याची वेळ नेमकी आपल्या पडण्याची असते. कधी तो एखाद्या कवीचे वा विचारवंताचे अपयशाविषयीचे वचन ऐकवतो, कधी जुने गाणे लावतो. आपण हा गेम एका विशिष्ट प्रकारच्या माणसाला दुखावण्यासाठी केला आहे, असे त्याने प्रसिद्धीच्या चित्रफितीतच सांगून टाकले होते. तेव्हा फसवणुकीची तक्रार करायला जागा नाही.

बरेच वर गेल्यावर एक साप लागतो. सापावर बसू नये अशी पाटीही तेथे आहे. बसलात तर सरळ तळाशी. ही पाटी पाहून मराठी माणसाला जे आठवायचे तेच आम्हांला आठवले: मोक्षपट. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला तो पट, ज्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. पण साम्य येथेच संपते. मोक्षपटावर कवड्या दान देतात. सापाच्या तोंडी गेलो तरी दोष कवड्यांवर ढकलता येतो. फॉडीच्या डोंगरावर दैव नावाची गोष्टच नाही. शिडीही नाही. पडलो ते आपल्याच हाताने पडलो, एवढेच काय ते सत्य उरते, आणि ते रात्री साडेदहा वाजता फार कडू लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. असले दुःख माणूस मागून का घेतो? हा प्रश्न आमच्या विषयाला नवा नाही. करुण रसापासून आनंद कसा होतो, यावर मराठी साहित्यशास्त्राने पिढ्यान्पिढ्या शाई खर्च केली आहे आणि आम्ही त्याच शाईवर पगार घेतो. (एक जण मानधन.) जेस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने २०१३ सालच्या 'द आर्ट ऑफ फेल्युअर' या छोट्या पुस्तकात गेमच्या संदर्भात नेमकी हीच कोडी मांडली आहे: माणसे अपयश टाळतात, गेममध्ये अपयश येतेच, तरीही माणसे गेम शोधत जातात. यूल या कोड्याला शोकांतिकेच्या जुन्या कोड्याशेजारी ठेवतो आणि एक फरक दाखवतो. शोकांतिकेत पडतो तो नायक. गेममध्ये पडतो ते आपण.

हे वाचताच आम्हांला न. चिं. केळकर आठवले. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. हे एकाच वेळी दोन्हीकडे असणे हेच आनंदाचे मर्म, असे तिचे सार. फॉडीच्या डोंगरावर या सिद्धान्ताची आम्हांला अनपेक्षित प्रचीती आली. आम्ही आळीपाळीने खेळत असू. एकाच्या हाती माउस, दुसरा शेजारच्या खुर्चीत चहा घेऊन. हंडा कोसळला की खुर्चीतल्याला मनापासून हसू येई. त्यालाही धस्स होई, पण त्या धस्स होण्यात गोडी असे. तो केळकरांच्या समाधीत होता. माउस हाती असलेल्याला मात्र तसली काहीही समाधी लागत नसे. त्याचा विकल्प संपलेला असे. पुढच्या पाळीत जागा बदलल्या की समाधीही जागा बदले. पंधरा वर्षे वर्गात जे फळ्यावर खडूने समजावता आले नव्हते ते एका प्लॅस्टिकच्या माउसने समजावले, आणि आता तरी ते पुढच्या सत्रात नीट शिकवता येईल असे वाटते.

सोडून देण्याची भाषा पहिल्यांदा चौथ्या आठवड्यात निघाली. ज्याला खेळणारे 'ऑरेंज हेल' म्हणतात त्या संत्र्यांच्या जागेवरून तिसऱ्यांदा घसरलो होतो. "सर, आता पुरे," एकजण म्हणाला. दुसरा काही बोलला नाही. त्याने माउस आपल्याकडे ओढला. पुढे आठवडाभर विभागात या विषयावर जे बोलणे झाले ते वाङ्मयीन म्हणावे असे नव्हते.

सोडावा म्हणणाऱ्याचा आक्षेप निवेदकावर होता. अडचण खपवून घेता येते, अडचणीत दिलेला धीर खपत नाही, असे त्याचे म्हणणे. डोंगर ज्याने रचला त्यानेच पडणाऱ्याची समजूत काढावी, हे त्याला अनैतिक वाटत होते. खेळत राहू म्हणणाऱ्याने यावर जे उत्तर दिले ते आम्ही शक्य तितके त्याच्याच शब्दांत देतो. "सर, माझं दर जूनला काय होतं ते तुम्ही बघता. नेमणूक मार्चएप्रिलात संपते. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तळाशी. समजूत काढणारे तिथेही आहेत. पण तिथला डोंगरसुद्धा जागेवर राहत नाही. एक वर्ष नेट-सेट पुरतं, मग पीएच.डी. हवी. पीएच.डी. झाली तर पदभरती बंद. भरती उघडली तर बिंदुनामावलीत जागाच नाही. इथे निदान संत्री कालच्याच ठिकाणी असतात."

यावर सोडावा म्हणणाऱ्याला बोलण्यासारखे काही नव्हते. आणखी तीन आठवडे खेळलो.

या तीन आठवड्यांत एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते. हा गेम उंची काढून घेतो, पण हात काढून घेत नाही. दिव्यांच्या ज्या अरुंद चिमणीने पहिल्यांदा आमच्या दोन अख्ख्या संध्याकाळी खाल्ल्या, ती सहाव्या आठवड्यात दहा मिनिटांत मागे पडू लागली. निष्णात खेळाडू संपूर्ण डोंगर दोन मिनिटांच्या आत चढतात, हे कळल्यावर तर पडण्याचा अर्थच पालटतो. जे गेले असे वाटत होते ते मनगटात शिल्लक होते. बुडीत खात्यात किती घातले याचा हिशेब येथे निरर्थक ठरतो, कारण बुडाले काहीच नव्हते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला 'टाकून दिलेले प्रकरण वाया जात नाही' असे आपण सांगतो, तेव्हा हेच अभिप्रेत असते. फरक इतकाच की विद्यार्थ्याला ते खरे वाटत नाही, आणि हंड्यातल्याला दहा मिनिटांत वाटते. मुलाखतीच्या टेबलावर मात्र हे चालत नाही. तेथे सोळा वर्षे कशी मोजायची, तासिकांची मोजायची की नाही, यावर दर वेळी नव्याने चर्चा होते आणि मनगटाकडे कोणी पाहत नाही.

सातव्या आठवड्याच्या गुरुवारी आम्ही बादलीपर्यंत पोचलो. म्हणजे शिखर आता फार लांब नव्हते. तेथून पडलो, आणि चांगलेच खाली आलो. त्या वेळी जे घडले ते विलक्षण होते: काहीच घडले नाही. कोणी हळहळले नाही, कोणी हसले नाही. एकाने कपात चहा ओतला, दुसरा 'चला' म्हणाला आणि पुन्हा हातोडा टेकवला. फॉडीचे सांत्वनही आता कानांवरून वाहून जात होते.

याचा अर्थ काय लावायचा यावर आमचे एकमत झालेले नाही. एकाच्या मते ही सिद्धी आहे. फलाची आस सुटल्यावर उरते ते निखळ कर्म, वगैरे. दुसऱ्याने गीतेला येथे ओढू नका, अशी विनंती केली. त्याच्या मते ही सरळसरळ झीज आहे. तीच टिपणे घेऊन वीस वर्षे तीच कविता शिकवली की जे होते तेच हे. ओठ चालतात, कविता बंद पडलेली असते. यूलच्या मांडणीत अपयश खरोखर दुखले पाहिजे. त्याशिवाय गेम उभाच राहत नाही. दुखणे थांबले असेल तर जे उरले ते मनगटाचा व्यायाम. आम्ही दुसऱ्या मताच्या बाजूने निर्णय घेतला. पहिल्या मताचा पुरस्कर्ताही अखेर हो म्हणाला, कारण सेमिस्टरच्या उत्तरपत्रिका येऊन पडल्या होत्या.

शिखरावर काय आहे, हे पाहायचे असेल तर दुसऱ्यांनी केलेली चित्रणे इंटरनेटवर मुबलक आहेत. ती पाहिली नाहीत. कादंबरी न वाचता गाईड वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर वर्षभर तोंडसुख घेतल्यावर तेवढी तरी लाज राखणे भाग होते. गेम संगणकावरून काढलेला नाही, पण तो उघडलेलाही नाही. हंडा घसरगुंडीच्या थोडा वर, जेथे थांबवला तेथेच असणार.

सोडण्याची ही कसोटी नोकरीलाही लावावी का, असे कायम असलेल्याने भीतभीत विचारले. तासिकावाल्याने थोडा वेळ विचार केला. "ते अजून दुखतं, सर," तो म्हणाला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाची जाहिरात आली आहे, अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच त्याने काल करून घेतले.