एका दिवसात आग्रा

नवी दिल्ली,
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. मंजिरीस,


जावईबापूंनी आखलेला बेत मिळाला. शुक्रवारी पहाटे पाचला गाडीने निघायचं, वाटेत मथुरा-वृंदावन उरकायचं, मग ताजमहाल, मग आग्र्याचा किल्ला, पुढे फत्तेपूर सिक्री आणि रात्री अकराच्या आत दिल्लीत परत. नकाशावर सगळं एका ओळीत दिसतं खरं. पण शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. आणि उघडा असता तरी ही रपेट जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या वर जाते. विहीणबाईंच्या गुडघ्यांचा तरी विचार करा!

दिल्लीचे टॅक्सीवाले अशी सहल रोज विकतात आणि माणसं रोज जातात. परतल्यावर त्यांना काय पाहिलं ते विचारावं, तर पार्किंग, ढाबा आणि संगमरवरी वस्तूंची दोन दुकानं यांचंच वर्णन जास्त. या दुकानांवर ड्रायव्हरचं कमिशन ठरलेलं असतं, त्यामुळे ‘बस पाँच मिनट’चा पाऊण तास होतो. तेवढ्या वेळात किल्ल्याचे दोन महाल सावकाश बघून होतात.

म्हणून यादी नंतर, आधी वार बघायचा. ताजच्या आवारात पश्चिमेला मशीद आहे. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी तिथे स्थानिक लोकांना सोडतात, पर्यटकांना नाही. दिल्लीत लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारी ताजला इतकी झुंबड असते की रांगेतच उत्साह संपतो. तेव्हा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा.

वारानंतर धुकं. ‘ताज पहाटेच बघावा’ असं प्रत्येक जण सांगतो, आणि ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीच्या शेवटी ते शंभर टक्के खरं आहे. पण तुम्ही येताय जानेवारीत. तेव्हा सूर्यच सातनंतर उगवतो, आणि उगवला तरी यमुनेकाठी धुकं असं दाटतं की ७३ मीटर उंचीची ती इमारत समोर उभी असून दिसत नाही. पांढऱ्यात पांढरं! लोक कडाक्याच्या थंडीत हौदाशी उभे राहून नऊ-दहापर्यंत तिची वाट बघतात. त्यापेक्षा जानेवारीत दुपारचा ताज बरा. अकरानंतर ऊन पडतं, संगमरवरावर जरा पिवळसर झाक येते आणि हातपायही मोकळे होतात.

धुक्याचा दुसरा फटका रस्त्याला. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा यमुना एक्स्प्रेसवे २०१२ पासून सुरू आहे. १६५ किलोमीटर, एरवी झकास. पण हिवाळ्यात तिथे एकामागून एक गाड्या आदळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मोटारींची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. पहाटे पाचला निघणं म्हणजे नेमकं त्या धुक्यात शिरणं. सरळ रेल्वेने जा. हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस सकाळी आठच्या सुमारास सुटते आणि शंभर मिनिटांत आग्रा कँटला पोचवते. एप्रिल २०१६ मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा ताशी १६० किलोमीटर धावणारी ती देशातली पहिली. शुक्रवारी तिलाही सुट्टी. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तीच गाडी आग्र्याहून परत दिल्लीला घेऊन येते, म्हणजे हातात सात-साडेसात तास राहतात. धुक्यात तिलाही उशीर होतो, पण डब्यात बसून चहा पीत होणारा उशीर परवडला.

ताजभोवती ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सोडत नाहीत. पूर्वेकडे शिल्पग्रामपाशी उतरून बॅटरीच्या गाडीने दारापर्यंत जायचं. विहीणबाईंसाठी पूर्वेचंच दार सोयीचं. तिकीट सध्या माणशी ५० रुपये आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं तर आणखी २००. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट, म्हणजे आपला ओम सुटला. तिकिटावर तीन तासच आत राहता येतं, म्हणून बाहेर उगाच रेंगाळलात तर चालेल, आत शिरल्यावर नाही. खाण्याचे डबे, काडेपेटी, तंबाखू, मोठ्या पिशव्या चालत नाहीत. जावईबापूंची सुपारीची डबी हॉटेलवरच ठेवा.

२०० रुपये वाचवू नका. लांबून दिसतो तो ताज फोटोतला, चौथऱ्यावरचा वेगळा. तिथे बूट काढावे लागतात किंवा त्यावर कापडी खोळ चढवावी लागते. दगड बर्फासारखा गार असतो, तेव्हा जाड मोजे हवेतच. भिंतीजवळ जाऊन एकच फूल निरखावं. बोटाच्या पेराएवढ्या पाकळीत रंगीत दगडाचे कितीतरी तुकडे बसवलेले, आणि त्यावरून नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. गाइड मोबाइलचा टॉर्च लावून दाखवतात तेव्हा अकीक आतून पेटल्यासारखा तांबडा होतो. दारावरची कुराणातली अक्षरं अमानत खानाच्या हातची. वर वर जाताना ती मोठी केली आहेत, म्हणून खालून सगळी सारख्याच उंचीची वाटतात. आत मुमताजची कबर बरोबर मध्यावर आणि शहाजहानची तिच्या बाजूला. एवढ्या रेखीव रचनेत तोल मोडतो तो इथेच. खऱ्या कबरी मात्र खालच्या दालनात आहेत, तिथे जाऊ देत नाहीत.

भुसावळहून पंजाब मेलने येताना बऱ्हाणपूर लागेल, तेव्हा ओमला जागा कर. मुमताज तिथेच १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात गेली. आधी तापीकाठच्या बागेत पुरलं होतं, काही महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. गाडी जाते ती जवळपास त्याच दिशेने.

जेवल्यावर किल्ला, आणि त्याला दोन तास राखूनच ठेवा. बराचसा भाग लष्कराकडे आहे, पर्यटक अमरसिंह दरवाजाने जातात. बाहेरच महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसेल. आपल्या माणसांना गाइड ‘इथे शिवाजी महाराजांना कैद केलं होतं’ म्हणून एखादं तळघर हमखास दाखवतो. महाराज नजरकैदेत होते ते किल्ल्यात नव्हे, बाहेर मुघल सरदार रामसिंगाच्या मुक्कामालगत. किल्ल्यात झाला तो १२ मे १६६६ चा दरबार. बाप किल्ल्यात कैदेत जिवंत असेपर्यंत औरंगजेबाने तिथे दरबार भरवला नव्हता. शहाजहान त्याच वर्षी जानेवारीत वारला आणि चार महिन्यांत लेकाने तिथे स्वतःच्या वाढदिवसाचा थाट मांडला. शहाजहान ज्या मुसम्मन बुरुजात गेला, तिथून नदीच्या वळणापलीकडे ताज दिसतो. ऑगस्टमध्ये महाराज निसटले. हे सगळं एका वर्षातलं, एका भिंतीआतलं आणि आसपासचं.

फत्तेपूर सिक्री या खेपेला सोडा. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या आणि विहीणबाई यांचं जमणार नाही, शिवाय त्या गावाला अख्खा दिवस हवा. मथुरा-वृंदावनची देवळं दुपारी बंद असतात, आग्र्याहून परतताना डोकावू म्हटलं की नेमकी बंद दारंच बघावी लागतात. वेळ उरलाच तर यमुनेपलीकडचा इतमाद-उद-दौला बघा. नूरजहानने वडिलांसाठी बांधलेली कबर आहे, ताजच्या आधीची, लहानशी, आणि गर्दी अगदी बेताची. पेठा स्टेशनवर घेऊ नका. एका गाजलेल्या नावाच्या पाट्या आग्र्यात इतक्या दुकानांवर आहेत की खरं दुकान कोणतं हे आग्रेकरच सांगू जाणे.

आता सासऱ्यांना पानिपत बघायचंय त्याविषयी. तो वेगळा दिवस, आणि आग्र्याहून सोपा. पानिपत दिल्लीच्या उत्तरेला नव्वद किलोमीटर, कालका शताब्दी तिथे थांबते. मराठे जिथे लढले ते काला आम गावापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. आंब्याचं झाड केव्हाच गेलं, आता एक स्तंभ, बाग आणि सभोवार शेतं आहेत. बघण्यासारखं म्हणाल तर फार नाही. पण १४ जानेवारी १७६१, बुधवार, ही तारीख तोंडपाठ असलेल्या माणसाला तिथे तासभर कमी पडेल. गावातच १५२६ च्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची साधी विटांची कबर आहे. येताना पचरंगा लोणचं घ्या, सतरंज्या-ब्लँकेटांचा तर तिथे बाजारच आहे.

दरवर्षी १४ जानेवारीला काला आमला मोठा मेळावा भरतो. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात, आणि हरियाणातले रोड मराठेही, जे स्वतःला १७६१ च्या मराठी फौजेतल्या, मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात. सासऱ्यांना विचार, त्या दिवशीची भाषणं आणि गर्दी चालेल की आदल्या दिवशीचा निवांतपणा हवा. त्यावर कालका शताब्दीची तिकिटं ठरतील. गतिमानची मात्र आजच काढ, खुर्च्या लवकर भरतात.

तुझी,
मालूमावशी