वाट आधी, वेढा मग

'सिव्हिलायझेशन सिक्स' हा खेळ मी खेळतो तो लढायांसाठी, हे मी सरळच सांगतो. शहरं वसवणं, देवळं बांधणं, शोध लावणं हे सगळं त्यात आहे आणि सुंदर आहे. पण माझं मन रमतं ते फौज घेऊन दुसऱ्याच्या सरहद्दीवर उभं राहण्यात. आणि तिथं उभं राहीपर्यंत लढाईचा निकाल बराचसा लागून गेलेला असतो, हे मला या खेळाने शिकवलं, आणि त्याहून जास्त माझ्या धुळ्याच्या मामेभावाने.

मे 2020 मध्ये एपिक गेम्सने हा खेळ आठवडाभर फुकट दिला होता. लॉकडाऊन, जळगावचा उन्हाळा, मी ज्या जिनिंगचे हिशेब लिहितो तिथलं काम थांबलेलं. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही आणि घरात कूलरही वाफच फेकणार. अशा दिवसांत चालीचालीने खेळायचा खेळ फार सोयीचा. धडाधड गोळ्या झाडायच्या खेळात वीज गेली की मेलात. इथं वीज गेली तर डाव मागच्या चालीवर आपोआप साठवलेला असतो. वीज येईपर्यंत कागदावर नकाशा काढून बसायचं. माझे कितीतरी चांगले बेत अशा अंधारात, कागदावर ठरले आहेत.

सुरुवातीला मी संगणकाशीच लढलो. वरच्या पातळीवर संगणकाला जास्तीचं उत्पादन मिळतं, जास्तीचे सैनिक मिळतात, पण लढायची अक्कल तेवढीच राहते. तो तुकड्या एकामागून एक पुढे ढकलत राहतो. म्हणून त्याच्याशी लढायची रीत ठरलेली आहे: आपण आधी जायचंच नाही. आपल्या हद्दीत टेकडी बघायची, तिच्या पायथ्याला नदी असेल तर फारच उत्तम, आणि तिथं धनुर्धारी बसवून त्याची वाट बघायची. टेकडीवरच्या तुकडीला बचावात 3 गुण जास्त मिळतात, नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याचे 5 कमी होतात. त्याची फौज आपल्या अंगणात मोडली, की मग त्याच्या शहरांकडे निघायचं. तोवर तिथं तट सांभाळायला कुणी उरलेलं नसतं.

माणसाशी लढताना हे चालत नाही. माणूस वाट बघू शकतो.

माझा मामेभाऊ धुळ्याला देवपुरात राहतो, शाळेत इतिहास शिकवतो. मी त्याला दादा म्हणतो. निर्बंध उठल्यावर सुट्टीत त्याच्याकडे गेलो की आम्ही एकाच संगणकावर आळीपाळीने खेळायला लागलो. एकाची चाल संपली की पडदा थांबतो, मग दुसरा येऊन बसतो. एक खेळत असताना दुसऱ्याने ओट्यावर जाऊन बसायचं, हा आमचा नियम. माझी चाल लांबली की बाहेरून हाक यायची, "काय करी राहिना रे भो?" मामीच्या हातची शेवभाजी याच येरझाऱ्यांत निवून जायची.

ज्या डावाबद्दल सांगायचं आहे, त्यात दादाने भारत घेतला होता, नेते गांधीजी. माझ्याकडे ट्राजनचा रोम. गांधीजी घेतले म्हणजे दादा लढणार नाही असं कुणाला वाटेल. पण दादाने ते बचावासाठी घेतले होते. या खेळात गांधीजींच्या भारताशी युद्ध केलं की हल्ला करणाऱ्याच्या प्रजेला युद्धाचा थकवा दुप्पट चढतो. त्या गुणाचं नावच सत्याग्रह. थकवा वाढला की शहरं नाराज होतात, उत्पादन घसरतं, पुढे बंडखोर उभे राहतात. फौज कितीही मोठी असो, घर आतून पोखरलं जातं. मला ही रचना मनापासून आवडते. जळगावात जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे, 2012 पासून. त्या दालनांमधून फिरताना जे जाणवतं, की हा माणूस समोरच्याला त्याच्याच माणसांपुढे उत्तर द्यायला लावत होता, ते एका अमेरिकी कंपनीने आकड्यात बरोबर पकडलं आहे. या खेळमालिकेतल्या अणुबॉम्ब टाकणाऱ्या गांधींची एक दंतकथा जगभर फिरते, की पहिल्या खेळात हिशेबातल्या चुकीमुळे ते अतिआक्रमक व्हायचे. खेळाचे जनक सिड मायर यांनी 2020 च्या आत्मकथनात सांगून टाकलं की तशी चूक कधी नव्हतीच. दंतकथेपेक्षा सत्याग्रहाचा तो नियम कितीतरी खोल आहे.

म्हणजे माझं युद्ध छोटं असायला हवं होतं. युद्ध पुकारल्यावर 10 चाली होईपर्यंत तह करता येत नाही. त्या 10 चालींत जे मिळेल ते घ्यायचं आणि अकराव्या चालीला हात पुढे करायचा. त्याहून एक दिवस जास्त लढलो तर माझीच शहरं माझ्यावर उलटणार.

मग काय घ्यायचं? दादाच्या हद्दीत माझ्याकडच्या बाजूला एक शहर होतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला टेकड्या, शेजारी केळीचं रान आणि दोन घरं सोडून कापूस. खेळात केळीने फक्त पोट भरतं. कापूस मात्र चैनीच्या वस्तूंत धरला आहे, आणि एका कापसाने चार शहरांची नाराजी एकेक पायरी उतरते. माझ्याकडे कापूस नव्हता. युद्धाचा थकवा उतरवणारी वस्तू त्याच युद्धात जिंकायची, असा माझा हिशेब होता. राजधानीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. एक शहर, ठरलेलं, आणि तेवढंच.

आता वाट. या खेळात सुरुवातीच्या युगांत रस्ता सहसा व्यापाऱ्यांच्या तांड्यामागे आपोआप तयार होतो. माझ्या सरहद्दीपासून त्या शहरापर्यंत मध्ये जंगल आणि टेकड्या. जंगलात तुकडी एका चालीत जेमतेम एक घर सरकते. कॅटापल्टसारखी अवजड यंत्रं घेऊन तिथून जायचं तर माझ्या 10 चालींतल्या निम्म्या वाटेतच गेल्या असत्या. म्हणून युद्धाच्या कितीतरी आधी मी दादाच्या त्याच शहराशी व्यापार सुरू केला. तांडा गेला, आला, सोनं आणलं, आणि मागे पक्की वाट सोडून गेला. दादालाही त्यातून मिळत होतं, त्यामुळे त्याने काही हरकत घेतली नाही.

ही कल्पना मला सुचली ती असिरगडावर. दादा आणि मी भुसावळहून खंडवा लाइनच्या गाडीने, रावेर ओलांडून, बऱ्हाणपूरला उतरलो होतो. तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असिरगड. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशाचा इतिहास त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. मलयगड, कमरगड आणि माथ्यावरचा असिरगड, अशा तीन थरांची तटबंदी. वर उभं राहिलं की गड इथंच का, हे सांगावं लागत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट खालूनच जाते. दख्खनचा दरवाजा म्हणतात ते या वाटेमुळे. गडाखेरीज वाट राहिली असती, वाटेखेरीज गड कुणी बांधला नसता.

दादा वर्गात शिकवतो तसा तिथं तटावर बसून बोलत होता. हा गड कुणी शिड्या लावून, मुसंडी मारून घेतला असं झालेलं नाही. फारुकी घराण्याचा पाया थाळनेरला, आजच्या शिरपूर तालुक्यात तापीकाठी घातला गेला. त्यांच्यातल्या नासिर खानाने हा गड आसा अहिराकडून कपटाने घेतला, डोल्यांतून बायका पाठवतो असं सांगून आत सैनिक घातले, अशी कथा फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. पुढे अकबर 1600 मध्ये स्वतः बऱ्हाणपूरला येऊन बसला. महिनोन्महिने वेढा, आत रोगराई, बाहेर बोलणी, आणि जानेवारी 1601 मध्ये गड स्वाधीन झाला. बादशाहने खानदेशाचं नाव मुलगा दानियालवरून दानदेश केलं. आणि 1819 मध्ये इंग्रजांनी मार्च-एप्रिलात तोफा लावल्या, तेव्हा तटाला भगदाडं पडली आणि 9 एप्रिलला गड त्यांच्या हाती गेला.

"प्रत्येकाने आपल्या काळाचं हत्यार वापरलं," दादा म्हणाला. माझ्या डोक्यात तेव्हा डाव चालू होता. खेळातही शहराचा तट तलवारीने पडत नाही. तलवारवाली तुकडी तटावर आपटली की तटाला ओरखडा जातो आणि तिचंच रक्त सांडतं. तट पाडायला कॅटापल्ट हवीत, किंवा तटाशी भिडवायचा बॅटरिंग रॅम. आणि शहर दर चालीला आपली जखम भरून काढतं, ते थांबवायचं तर चारी बाजूंनी कोंडावं लागतं. वेढा पुरा झाला की मगच त्याची हिरवी पट्टी वाढायची थांबते. वेढ्यात एक घर जरी मोकळं राहिलं तरी दिवसभराची मारामारी रात्रीत भरून निघते.

युद्ध पुकारलं त्या चालीला माझी दोन घोडदळं नदीच्या वरच्या अंगाने पलीकडे गेली आणि टेकड्यांमागे थांबली. लढायला नव्हे, मागची वाट बंद करायला. रोमन लीजनच्या तीन तुकड्या रस्त्याने थेट पुढे. त्यांच्यामागे एक घर सोडून धनुर्धारी, आणि सगळ्यात मागे दोन कॅटापल्ट. कॅटापल्टची अडचण अशी की सरकलेल्या चालीला ती मारा करत नाहीत. म्हणजे एक पूर्ण चाल ती शहराच्या टप्प्यात नुसती उभी राहतात. पण तटावरून एका चालीत एकच मारा होतो. म्हणून दोन्ही एकाच चालीत टप्प्यात आणायची. एकीला मार बसेल, दुसरी शाबूत राहील, आणि पुढच्या चालीला दोन्ही बोलायला लागतील. तसंच झालं. डावीकडची अर्धी झाली, तरी दोघींनी मिळून तटाचा मोठा हिस्सा खाली आणला.

दादाने मग वरू काढले. वरू म्हणजे भारताचे लढाऊ हत्ती. त्यांच्या शेजारच्या घरात आपली जी तुकडी असेल तिची ताकद 5 ने घटते. म्हणून त्यांच्याशी अंगाला अंग लावून झुंजायचंच नाही. धनुर्धाऱ्यांचा टप्पा दोन घरांचा, आणि दोन घरांवर हत्तीचा धाक पोचत नाही. मी मधल्या लीजनला एक घर मागे घेतलं. हत्ती मोकळ्या मैदानात पुढे आला, त्याच्यावर तीन धनुर्धाऱ्यांचे बाण, आणि शेवटचा घाव बाजूच्या भालेवाल्याचा. घोड्या-हत्तींवर भालेवाल्याला 10 गुण जास्त मिळतात. दुसरा हत्ती दादाने शहाणपणाने आत ठेवला.

सहाव्या चालीला घोडदळाने टेकडीकडची दोन्ही घरं धरली आणि वेढा पुरा झाला. शहरात शिरू शकते ती फक्त हातघाईची तुकडी, म्हणून एक लीजन मी सुरुवातीपासून न लढवता टेकडीच्या बाजूला ताजी ठेवली होती. नदीकडून हल्ला केला असता तर तोटा झाला असता. आठव्या चालीला ती आत गेली.

पैशाचं राहिलं. फौजेला दर चालीला सोनं लागतं, आणि खजिना आटला की तुकड्या आपोआप मोडायला लागतात. दादाने मला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेलं होतं. वि. का. राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले, आणि लगेच 1927 मध्ये मंडळ उभं राहिलं. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. मी तो खंड वाचला तो लढाईच्या ओढीने. पण ती पत्रं रसद, पैसा आणि कर्ज यांनी भरलेली. भाऊसाहेबांना गोविंदपंत बुंदेल्यांकडून रसद आणि पैसा हवा होता. डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंतच मारले गेले, आणि 14 जानेवारीला उपाशी फौज मैदानात उतरली. ती पत्रं वाचून मला त्या माणसांबद्दल वाटलेलं दुःख अजून गेलेलं नाही. हिशेबाची वही रोज हाताळणाऱ्याला ती जास्त लागतात. त्यानंतर युद्ध पुकारायच्या आधी मी खजिन्यात 10 चालींचा खर्च बाजूला काढल्याशिवाय एकही तुकडी हलवत नाही.

दहा चाली संपल्या आणि मी तह मांडला. माझ्या दोन शहरांत नाराजी दिसायला लागली होती. दादाला ते दिसत नव्हतं, पण अंदाज होता, म्हणून तो घासाघीस करत बसला. जिंकलेलं शहर तहात रीतसर लिहून मिळेपर्यंत धड वाढत नाही, हेही त्याला ठाऊक. शेवटी शहर आणि कापूस मला, आणि त्याबदल्यात दर चालीला ठरावीक सोनं त्याला.

सही झाल्यावर दादा ओट्यावरून आत आला, त्याने शांतपणे नकाशा मोठा केला आणि माझ्याच तांड्याने केलेल्या रस्त्यावरून बोट फिरवत माझ्या राजधानीच्या वेशीपर्यंत आणलं. त्याच्याकडे अजून एक वरू आहे, आणि नवे येतील. रस्त्याच्या तोंडाशी मी छावणी बांधायला घेतली आहे. तिला 7 चाली लागणार, तहाची मुदत 10 चालींची.