पावती

गेल्या सोमवारी आईला अकस्मात दवाखान्यात न्यावे लागले आणि बीदरमधील माझी सारी कामे जागच्या जागी राहिली. त्यांत एका शेतकऱ्याचे अपील होते. कोर्ट फीतील तूट भरण्याची मुदत गुरुवारी संपत होती. त्याने पैसे माझ्या हाती दिले होते. भरावयाचे मी विसरलो. शनिवारी आई घरी आली, तेव्हा मला ते आठवले. फाईल उघडताना हात कापत होते. जमीन त्याची, विसर माझा!

आत बुधवारची पावती होती. आमच्या वृद्ध कारकुनांनी पदरचे पैसे भरले होते. मी तडक त्यांच्या घरी गेलो. ते एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही आईजवळ होता ना!" रक्कम मात्र त्यांनी मोजून घेतली.

परतताना विठ्ठलाच्या देवळात टेकलो. कीर्तनांतून आपण ऐकतोच : मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बादशहाने त्यांना याच बीदरला बोलाविले, आणि पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने धान्याचे मोल आधीच दरबारी भरून पावती पंतांच्या पोथीत ठेविली.

ही कथा मी आजवर पंतांच्या पुण्याईची मानीत आलो. परंतु पंतांनी परक्यांसाठी जीव पणास लावला होता. मी केवळ विसरलो होतो. तरीही पावती मलाही मिळाली. त्या रात्री देवाजवळ काही मागावेसे वाटले नाही.