हरमलचा वारा आणि १६५ हर्ट्झ

हरमलचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेच्या अखेरीस आवरतो. पाऊस लागण्याआधी किनाऱ्यावरचे शॅक मोडून बांबू, झावळ्या, फळ्या आत नेल्या जातात. गिरकरवाडा, खालचा वाडा या समुद्राकडच्या वाड्यांत मग पुन्हा गावाचेच आवाज ऐकू येतात. ज्यांच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने जातात, त्यांना वर्षाचा हिशेब या आठ महिन्यांत बसवावा लागतो. म्हणून माझ्या भाच्याने गेमिंगसाठी नवा मॉनिटर मागितला, तेव्हा तो नुसत्या हौसेचा प्रश्न नव्हता. हंगामभर त्याने चादरी बदलण्यापासून मोपा विमानतळावरून पाहुणे आणण्यापर्यंत कामे केली होती आणि त्याबद्दल ताईने त्याचे २० हजार रुपये बाजूला ठेवले होते.

संगणक त्याने आधीच जुळवला होता. आत मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड आणि समोर ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर. त्याला आता हवा होता २४ इंची, २४० हर्ट्झचा. ताईचे म्हणणे वेगळे होते. विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याचा सी-फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, आणि ते काम ती याच संगणकावर करते. "माका अक्षरां दिसपाक जाय," एवढेच ती म्हणाली. दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. मामा झाल्यावर असली कामे चुकत नाहीत.

आम्ही दोघे किनाऱ्याने उत्तरेकडे चालत सुटलो. खडकांना धरून जाणारी पाऊलवाट, तिच्या कडेची कपड्यांची आणि माळांची दुकाने, मग काळाचा किनारा आणि त्याच्या मागे झाडीत दडलेले गोड्या पाण्याचे तळे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी. कितीदा पाहिले तरी मला त्याचे नवल वाटते. वर टेकडीवरून पॅराग्लायडर उडत होते आणि खाली ओल्या वाळूवर मुले फुटबॉल खेळत होती. भाच्याला म्हटले, चेंडूकडे बघ. तो एका पायाकडून दुसऱ्याकडे अखंड जातो. मॉनिटरवर तसे काहीच नसते. तिथे असतात नुसती स्थिर चित्रे, एकामागून एक.

६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, दर १६.७ मिलिसेकंदांना एक. १९२० ठिपके रुंद पडद्यावरून शत्रू अर्ध्या सेकंदात पळाला, तर तो फक्त ३० जागी दिसतो आणि दोन जागांमध्ये ६४ ठिपक्यांची उडी असते. १४४ हर्ट्झला ती उडी साधारण २७ ठिपक्यांवर येते, २४० ला १६ वर. वेळेच्या हिशेबात ६० वरून १४४ ला जाताना दर चित्रामागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. तिथून २४० ला गेल्यावर आणखी तीनसुद्धा नाहीत. पहिली पायरी कुणालाही दिसते. नुसता माउसचा बाण गोल फिरवला तरी कळते. दुसरी पायरी कळायला सराव लागतो, आणि कार्डही तेवढे जोरकस लागते.

"मग सिनेमा २४ चित्रांत कसा चालतो?" त्याने विचारले. प्रश्न चांगला होता. सिनेमाच्या कॅमेऱ्यात हलणारी वस्तू प्रत्येक चित्रात थोडी पुसट उमटते, त्यामुळे डोळा सांधे जोडून घेतो. शिवाय सिनेमा आपल्या हातात नसतो. खेळात माउस आपण हलवतो, म्हणून हात आणि चित्र यांतला उशीर बोटांना जाणवतो.

खरी मेख कार्डात होती. तो सर्वांत जास्त खेळतो ते व्हॅलोरंट. हा खेळ हलका आहे, त्याच्या संगणकावर शेकडो चित्रे सहज निघतात. पण मोठे कथानक असलेले खेळ लावले की तेच कार्ड ७०–९० वर येते. अशा वेळी २४० चा पडदा बहुतांशी रिकामा फिरतो. तिथे उपयोगी पडते ती अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक ही सोय. कार्डाचे चित्र तयार झाले की मगच पडदा बदलतो, त्यामुळे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणले तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा भाग लागे. २०१९ पासून त्यांची कार्डे साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरवरही चालतात. हर्ट्झचा आकडा थोडा कमी चालेल, ही सोय मात्र हवीच, असे मी बजावले. आणि मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ कुठलाही मॉनिटर कमी करत नाही, हेही सांगून टाकले. ते त्याला फारसे आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेलो. मांद्रे, आगरवाडा, चोपडे आणि मग शापोऱ्यावरच्या पुलाने शिवोली. दुकानात सगळे पडदे एकाच झगझगीत चित्रफितीवर चालू होते. त्यावरून रंगांपलीकडे काही कळत नाही. जवळपास प्रत्येक खोक्यावर '१ मिलिसेकंद' छापलेले. त्या आकड्यावर मी फारसा जात नाही, कारण तो मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि कुठली वापरली ते बारीक अक्षरांत असते. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुंदर होता, पण अंधाऱ्या दृश्यात हलत्या आकृतीमागे काजळ ओढल्यासारखी शेपटी दिसत होती. ओलेड सर्वांत वेगवान आणि सर्वांत देखणे. ते बजेटच्या बाहेर होते हे बरेच झाले, कारण ताईची नोंदवही तासन्‌तास एकाच जागी उघडी असते आणि स्थिर चित्राचा डाग पडण्याची भीती ओलेडलाच असते.

शेवटी घेतला तो २७ इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा, आयपीएस पॅनेलचा, १६५ हर्ट्झचा. ठिपके दाट असल्याने यावर अक्षरे रेखीव येतात, पण आकाराने लहान दिसतात. म्हणून विंडोजमध्ये मोजमाप १२५ टक्के केले आणि ताईची तक्रार मिटली. भाच्याने दुकानातच २४० कडे एकदा वळून पाहिले. मग उरलेल्या पैशांत व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस येतोय म्हटल्यावर तो मुकाट्याने खोके उचलून बाहेर पडला.

खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबलच वापरायची, घरातली जुनी एचडीएमआय नाही, कारण जुन्या जोडणीतून एवढी चित्रे जात नाहीत. आणि जोडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन १६५ निवडायचे. विंडोज पुष्कळदा ६० वरच थांबलेले असते, आणि नवा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारी मुले मी पाहिली आहेत.

पुस्तिकेत न लिहिलेले काम पुढे होते. हरमलच्या घरात वारा पश्चिमेकडून येतो तो मीठ घेऊन. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंख्याचे स्क्रू, सगळ्यांना तो धरतो. पोर्टच्या पितळी कडा त्यातून सुटत नाहीत. टेबल खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीला लावले. त्यामुळे संध्याकाळचे ऊन पडद्यावर चमकायचेही थांबले. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणे लावली. पडदा झाकायला प्लास्टिक नको, आत ओल कोंडते. ताईने जुन्या सुती चादरीचा अभ्रा शिवला. घर चिऱ्याचे, जुने, म्हणून वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले. मला विचाराल तर किनाऱ्यावरच्या गावात हा खर्च मॉनिटरच्या आधी करावा.

जूनपासून खोल्या रिकाम्या असतात, वीज वरचेवर जाते आणि कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. अशा दिवसांत यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवले तर त्याच्याच उबेने आतली ओल निघते. भाचा कॉलेजला असतो. त्यामुळे तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावला की ताई मॉनिटरही लावते आणि अर्ध्या तासाने बंद करते. तेवढ्या वेळात ती पुढच्या हंगामाचे बुकिंग पाहून घेते.